किनोसाकीत एक रात्र: खोली एका घरात, आंघोळ सात घरांत

जपानमधल्या गरम पाण्याच्या गावी मुक्काम ठरवताना बहुतेक लोक आधी हॉटेलमधल्या हौदाचे फोटो पाहतात. किनोसाकी ओनसेनच्या बाबतीत निवड नेमकी इथेच चुकते. इथल्या हॉटेलांतले हौद लहान असतात आणि ते ठरवून लहान ठेवलेले आहेत. मोठी न्हाणीघरं गावाच्या मालकीची, रस्त्याकडेला आहेत आणि मुक्कामाला आलेल्या प्रत्येकाला ती फुकट खुली असतात. म्हणून इथे खोली घेताना हौद सोडून बाकी सगळं बघायचं: जेवण, जागा, जिने, पलंग.

हे असं का, ते आधी समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. ओसाकाच्या वायव्येला, ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला जपानच्या समुद्राजवळ हे गाव आहे. मधून ओतानी नावाची चिंचोळी नदी वाहते, काठांवर लोंबत्या फांद्यांची विलोची झाडं आणि वर दगडी कमानीचे पूल. दोची शोनिन नावाचे एक बौद्ध भिक्षू इ. स. ७१७ मध्ये इथे आले, त्यांनी हजार दिवस जप केला आणि ७२० मध्ये गरम पाणी वर आलं, अशी आख्यायिका आहे. पूर्वी आलेल्या माणसाने आधी डोंगरावरच्या ओनसेनजी देवळात जाऊन दर्शन घ्यायचं, तिथून पळी घ्यायची आणि मगच पाण्यात उतरायचं, अशी रीत होती. २३ मे १९२५ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत गाव जळालं. आज दिसणारी लाकडी तिमजली घरं आणि सरळ बांधलेले नदीकाठ हे बहुतांशी त्यानंतरच्या उभारणीतले.

त्या उभारणीच्या काळातच, १९२७ मध्ये, मिकिया या जुन्या खानावळ-निवासाने स्वतःच्या आवारात गरम पाण्याचा हौद काढायचं ठरवलं आणि गाव विरोधात उभं राहिलं. पाणी सगळ्यांचं, एकाने ओढून घेतलं तर बाकीच्यांचं काय, हा वाद कोर्टात गेला आणि १९५० मध्ये तडजोड होऊन मिटला. हॉटेलांना आत हौद ठेवायची मुभा मिळाली, पण आकाराच्या मर्यादेत. पुढे सगळ्या झऱ्यांचं पाणी एकत्र करून नळांनी गावभर वाटायची व्यवस्था झाली. त्यामुळे महागड्या हॉटेलात ‘जास्त चांगलं पाणी’ मिळतं, असा इथे प्रकार नाही. स्टेशन हे घराचं दार, रस्ता ही ओसरी, हॉटेलं या खोल्या आणि सोतोयू म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरं ही घरची मोरी, असं गावकरी मानतात.

खोली ठरवताना

पारंपरिक जपानी निवासाला ऱ्योकान म्हणतात. भाडं माणशी असतं, खोलीमागे नाही. ही गोष्ट नजरेतून सुटली की दोघांचा हिशेब निम्म्याने चुकतो. रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरून मध्यम दर्जाच्या जागी माणशी साधारण २०,००० ते ३५,००० येन धरा. १०० येन म्हणजे ५५ ते ६० रुपयांच्या आसपास. वर माणशी १५० येनच्या घरात स्नान-कर लागतो, तो बहुधा तिथेच भरायचा. नोव्हेंबर ते मार्च हा खेकड्याचा हंगाम. त्यात दर बरेच चढतात आणि शनिवार तर महिनोन्महिने आधी भरतात. भाव बघून जायचं असेल तर मे-जून किंवा सप्टेंबरमधला सोमवार ते गुरुवार धरा.

आरक्षण करताना तीन प्रकार दिसतील: दोन जेवणांसह, फक्त नाश्त्यासह आणि नुसती खोली. मासे-मांस खाणाऱ्यांनी पहिला प्रकार घ्यावा, कारण ऱ्योकानचं अर्धं मोल त्या जेवणात असतं. शाकाहारी लोकांनी आरक्षणाआधी पुढचा जेवणाचा भाग नीट वाचावा.

घरात कोणाचे गुडघे दुखत असतील तर तीन गोष्टी ईमेलवर आधीच विचारा: लिफ्ट आहे का, जेवायला खुर्ची-टेबल मिळेल का आणि पलंगाची खोली आहे का. जुन्या लाकडी घरांत लिफ्ट नसते आणि जिने उभे असतात. तातामीच्या, म्हणजे जाड गवती चटया अंथरलेल्या, खोलीत गादी जमिनीवर असते. घरी आपणही खाली झोपलेलो असतो, पण पहाटे दोनदा उठावं लागणाऱ्या सत्तरीच्या माणसाला ते त्रासाचं होतं.

जागा निवडताना स्टेशनपासूनचं अंतर फारसं महत्त्वाचं नाही, कारण गाव टोकापासून टोकापर्यंत वीस मिनिटांत चालून संपतं. नदीकाठच्या मधल्या भागात राहिलात तर चार-पाच न्हाणीघरं पाच-सात मिनिटांच्या अंतरात येतात. थंडीत ओल्या केसांनी परतताना याची किंमत कळते.

रद्द करण्याचे नियम कडक असतात. जेवणाचं सामान तुमच्या नावाने आणलेलं असतं, त्यामुळे आदल्या दिवशी रद्द केलं तर बरीच रक्कम आणि त्याच दिवशी केलं तर जवळपास सगळी जाते.

पोहोचणं

ओसाका किंवा शिन-ओसाकाहून ‘कोउनोतोरी’ ही जलद गाडी पावणेतीन तासांच्या आसपास घेते. क्योतोहून ‘किनोसाकी’ नावाचीच गाडी आहे, ती साधारण अडीच तास. हिमेजीचा किल्ला बघून यायचं असेल तर ओसाकाहून हिमेजीमार्गे येणारी ‘हामाकाझे’ सोयीची. एका बाजूचं भाडं पाच ते सहा हजार येनच्या घरात जातं. क्योतो, ओसाका, हिमेजी असं फिरणार असाल तर परदेशी प्रवाशांसाठीचा पाच दिवसांचा कान्साई वाइड एरिया पास किनोसाकीपर्यंत चालतो. येण्याजाण्याचं भाडं आणि बाकीचा प्रवास बेरजेत धरून बघा.

इथे एक चूक नेहमी होते. नाव तेच असलं तरी प्रत्येक कोउनोतोरी किनोसाकीपर्यंत जात नाही. काही फुकुचियामा किंवा तोयोओकालाच संपतात. तिकीट काढताना शेवटचं स्टेशन ‘किनोसाकी ओनसेन’ आहे का ते बघा. आणि गाडीत बसण्यापूर्वी ओसाकात किंवा क्योतोत खाण्याचं जे काही लागेल ते घेऊन ठेवा. किनोसाकीतली दुकानं लवकर आवरतात.

दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान पोहोचणं उत्तम. खोली तीनला मिळते, पण सामान आधी ठेवून घेतात. स्टेशनसमोरच्या माहिती केंद्रातून थोड्या पैशांत सामान हॉटेलवर पाठवायचीही सोय आहे. मोठ्या बॅगा ओसाकाच्या किंवा क्योतोच्या हॉटेलात ठेवून एका रात्रीपुरती पाठपिशवी आणलीत तर आणखी बरं, कारण इथे तुम्ही स्वतःचे कपडे जवळजवळ घालणारच नाही.

संध्याकाळचं जेवण घेतलं असेल तर उशिरात उशिरा पाचपर्यंत खोलीत असा. गाडी चुकली तर लगेच फोन करा. स्वयंपाकघर सहा-सातच्या वेळेवर चालतं आणि आठला पोहोचलेल्याला जेवण मिळेलच असं नाही.

खोलीत शिरल्यावर

बूट दारातच काढायचे. खोलीत तातामीवर सपाताही चालत नाहीत, अनवाणी किंवा मोज्यांवर चालायचं. बॅगेची चाकं तातामीवर ओढू नका, गवताची वीण उखडते. भिंतीतला कोनाडा, जिथे चित्र आणि फुलं ठेवलेली असतात, तिथे सामान किंवा चार्जर ठेवायचा नाही. आपल्या देवघराच्या फळीवर कोणी बॅग ठेवली तर जसं वाटेल तसं ते त्यांना वाटतं. संडासाच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या घालून बाहेर आलात की सगळ्यांच्या लक्षात येतं.

चहा आणि एक छोटी गोड वडी ठेवलेली असते. ती नुसती पाहुणचाराची नाही. रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरलं की घेरी येते, म्हणून आधी ती खा आणि चहा किंवा पाणी प्या.

वीज १०० व्होल्टची आहे आणि दोन चपट्या पिनांचा प्लग लागतो. फोनचे चार्जर चालतात. भारतातून नेलेली छोटी किटली किंवा भात शिजवायचं भांडं मात्र तापता तापत नाही.

युकाता आणि गेता

कपाटात युकाता म्हणजे समोरून लपेटायचा सुती झगा, कमरेचा पट्टा म्हणजे ओबी आणि थंडीत वरून घालायचा अंगरखा असतो. काही ठिकाणी बायकांना रंगीत युकाता निवडायला देतात. अंतर्वस्त्रं घालून त्यावर युकाता घालायचा. उजवी बाजू आधी अंगाला लपेटायची, डावी तिच्यावर आणायची. समोरच्याला गळा इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसला पाहिजे. उलटं फक्त मृताला नेसवतात. तसं घातलंत तर हॉटेलच्या बाई हळूच येऊन नीट करून देतील. पुरुषांनी पट्टा ओटीपोटाखाली, कमरेच्या हाडांवर बांधायचा, बायकांनी कंबरेवर. पोटावर बांधला की चार पावलांत सुटतो. लांबी घोट्यापर्यंत हवी. पायात आला तर माप मोठं आहे, बदलून मागा.

इतर अनेक ठिकाणी युकाता हॉटेलपुरता असतो. किनोसाकीत मात्र तो घालून रस्त्यावर, दुकानात, पुलावर, कुठेही जायचं. गेता म्हणजे लाकडी खडावा. पट्टा अंगठा आणि शेजारच्या बोटात फार खोल घालू नका, टाच अर्धा इंच मागे बाहेर राहिली तरी चालते. तशीच ती घालतात. सवय नसेल तर तासाभरात बोटांमध्ये सोलपटतं, म्हणून अंगठा वेगळा असलेले मोजे घ्या किंवा पट्टी लावून ठेवा. पावसात कमानी पुलांचे दगड निसरडे होतात आणि बर्फात गेता घालायच्याच नाहीत, हॉटेलं तेव्हा बूट देतात. तुमच्या गेतांवर हॉटेलचं नाव असतं. न्हाणीघराबाहेर शेकडो जोड सारखेच दिसतात, तेव्हा ते नाव ओळखून ठेवा.

बरोबर न्यायच्या वस्तू: छोटा टॉवेल, अंग पुसायचा मोठा टॉवेल, केस बांधायचं रबर, थोडी नाणी, आणि चेक-इनच्या वेळी मिळालेला सोतोयूचा पास. हॉटेल यासाठी टोपली किंवा पिशवी देतं. पास चेक-इनपासून चेक-आउटपर्यंत चालतो आणि दरवेळी दाखवावा लागतो. एरवी एका न्हाणीघराचं तिकीट ८०० येनच्या आसपास पडतं. मंगळसूत्र, साखळ्या, अंगठ्या खोलीतल्या तिजोरीत ठेवून जा. इथलं पाणी गंधकाचं नाही, त्यामुळे चांदी काळी पडायची भीती कमी, पण धातू पाण्यात तापून गळ्याला चटका देतो आणि साबणाच्या हाताने अंगठी निसटली की शोधणं अवघड.

पाण्यात उतरण्याचा क्रम

वज्रेश्वरी-अकलोलीला किंवा कोकणातल्या उन्हवरेला आपण कपड्यांसह कुंडात उतरतो. इथे पूर्ण विवस्त्र उतरायचं असतं. पोहण्याचा पोशाख चालत नाही, कारण कपड्यातला साबण आणि धूळ पाण्यात जाते. स्त्रिया आणि पुरुष वेगळे. बिचकण्याचं कारण नाही: आत कोणी कोणाकडे बघत नाही आणि वाफेत फारसं दिसतही नाही.

दारावर पडदा असतो. निळा किंवा गडद रंगाचा बहुधा पुरुषांचा, लाल बायकांचा. रंगावर पूर्ण विसंबू नका. अक्षरं ओळखता येत नसतील तर काउंटरवर हाताने विचारा.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे कपडे आणि मोठा टॉवेल लॉकरमध्ये ठेवायचा. आत न्यायचा तो फक्त छोटा टॉवेल. फोनही लॉकरमध्येच. या खोलीत फोन हातात दिसला तरी आक्षेप घेतात, आणि तो योग्यच आहे.

आत गेल्यावर भिंतीशी नळांची रांग, प्रत्येकापुढे बुटकं स्टूल आणि बादली. स्टुलावर बसून आंघोळ करायची. उभ्याने केली तर शिंतोडे शेजाऱ्यावर जातात. साबण आणि शाम्पू तिथे असतात. आधी अंगावर कोमट पाणी, मग साबण, मग डोकं. डोक्याला तेल लावून गेला असाल तर शाम्पू दोनदा लावा. तेलाचा तवंग हौदावर दिसतो आणि तो कोणाचा हेही दिसतं. फेसाचा थेंब राहू देऊ नका, काखा आणि कानामागचा भाग सहसा राहतो. स्टूल धुऊन, बादली उपडी ठेवून उठा.

हौदात उतरण्याआधी बादलीने हौदाचंच पाणी पायांवर, मग मांड्यांवर, मग खांद्यांवर घ्या, आठ-दहा वेळा. पाणी ४२ अंशांच्या आसपास असतं. आपण कढत पाणी अंगावर ओतून घेतो, पण त्यात बसून राहायची सवय नसते; दोन्हींत फार फरक आहे. एकदम गळ्यापर्यंत बसलं की छातीत धडधडतं. आधी कमरेपर्यंत दोन मिनिटं, मग खांद्यापर्यंत तीन-चार मिनिटं. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरेत. कपाळाला घाम फुटला की बाहेर या, काठावर बसा, पाहिजे तर पुन्हा पाच मिनिटं. एकूण पंधराच्या पुढे जाऊ नका.

छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवतात किंवा काठावर. लांब केस वर बांधायचे, पाण्याला लागू द्यायचे नाहीत. पोहणं, डुबकी मारणं, चेहरा घासणं, मोठ्याने बोलणं नाही. पाणी सोडायचा बोळा किंवा गरम पाण्याचा नळ स्वतःहून फिरवायचा नाही.

उठताना काठ धरून हळू उठा. अपघात बहुतेक याच क्षणी होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दगड ओला असतो. बाहेर पडताना पुन्हा साबण लावू नका. इथलं पाणी सोडियम आणि कॅल्शियम क्लोराइडचं, किंचित खारट आहे. त्याचा पातळ थर त्वचेवर राहिला की अंग तास-दोन तास गरम राहतं. त्वचा नाजूक असेल किंवा खाज येत असेल तर मात्र साध्या पाण्याने धुवा. कपड्यांच्या खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी छोट्या टॉवेलने अंग नीट टिपून घ्या, जमीन ओली करणं हा इथला सगळ्यात सर्रास दिसणारा गुन्हा. मग पाणी प्या, दरवेळी एक मोठा ग्लास.

अंगावर टॅटू असेल तरी गावातल्या सोतोयूंमध्ये अडवत नाहीत. जपानमध्ये ही मोठी सवलत आहे. हॉटेलच्या आतल्या हौदाचा नियम वेगळा असू शकतो, तो विचारा. पाळीच्या दिवसांत सार्वजनिक हौदात उतरत नाहीत. त्या वेळी, किंवा संकोच अगदीच जात नसेल तर, हॉटेलातला ‘काशिकिरी’ हौद घ्या. तो कुटुंबापुरता पाऊण तासासाठी आतून कडी लावून मिळतो. लहान आकाराचे हे हौद अशा वेळी कामाला येतात.

रक्तदाब, हृदयविकार, मधुमेहाची इंजेक्शनं किंवा गरोदरपण असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून या. दारू प्यायल्यावर आणि भरपेट जेवल्यावर तासभर तरी पाण्यात उतरू नका. आणि पहिल्याच संध्याकाळी सात ठिकाणं करायचा हट्ट नको. चौथ्या-पाचव्या स्नानानंतर डोकं जड होणं, मळमळ, गळून जाणं हे नेहमीचं आहे. संध्याकाळी दोन, रात्री एक, सकाळी एक एवढं खूप झालं. ज्यांना सातही करायची आहेत त्यांनी दोन रात्री राहावं.

कोणतं आधी

बहुतेक सोतोयू सकाळी सातला उघडतात आणि रात्री अकराला बंद होतात. यानागी-यू आणि मांदारा-यू दुपारी तीनला उघडतात. प्रत्येकाला आठवड्यातून सुट्टीचा वार असतो, त्याचा कागद काउंटरवर मागून घ्या. स्टेशनला लागून असलेलं सातोनो-यू चालू आहे का तेही तिथेच विचारा.

दुपारी साडेतीनला निघून आधी सगळ्यात लांबचं कोनो-यू करा. जखमी करकोचा इथल्या पाण्यात पाय बुडवून बरा झाला, अशी कथा असलेलं हे सातांतलं सगळ्यात जुनं. उघड्यावरचा हौद झाडांत आहे आणि गर्दी कमी असते. परतताना मांदारा-यू लागतं, ते दोची शोनिनच्या हजार दिवसांच्या जपाशी जोडलेलं. तिथे उघड्यावर लाकडी पिंपं आहेत, एकात एक माणूस मावेल एवढी. ही दोन झाली की जेवायला खोलीवर.

जेवणानंतर गोशोनो-यू. क्योतोच्या राजवाड्याच्या धर्तीची इमारत आणि मागे धबधबा. सगळ्यांत देखणं, त्यामुळे साडेआठ ते साडेनऊ भरलेलं. दहानंतर जा किंवा इतर लोक जेवत असतात तेव्हा, साडेसहा-सातला, जर तुमचं जेवण आधीच झालं असेल तर.

इचिनो-यूमध्ये गुहेतला हौद आहे. एदो काळातल्या, म्हणजे अठराव्या शतकातल्या, कागावा शुतोकु नावाच्या वैद्याने हे पाणी जगात पहिलं ठरवलं, त्यावरून हे नाव पडलं. यानागी-यू इवलंसं, लाकडी आणि हौद खोल. बुटक्या माणसांना आणि मुलांना जपून. जिझो-यू स्टेशनच्या बाजूला, गावकऱ्यांचं, बिनभपक्याचं. ज्यांना शांत आंघोळ हवी त्यांना हेच आवडतं.

सकाळी सातला दार उघडताना पहिल्या पुरुषाला आणि पहिल्या बाईला लाकडी बिल्ला मिळतो. त्यासाठी साडेसहाच्या आधीपासून लोक उभे असतात, थंडीतसुद्धा.

जेवण

मासे खाणाऱ्या कोकणी माणसाने हिवाळ्यात इथे यावंच. मात्सुबा म्हणजे नर हिमखेकडा, नोव्हेंबरच्या ६ तारखेपासून मार्चच्या २० पर्यंत. मादी लहान असते, गाबोळीसाठी खातात आणि ती डिसेंबरअखेरपर्यंतच मिळते. शेजारच्या त्सुइयामा बंदराच्या खेकड्याच्या पायाला निळी पट्टी असते. ‘खेकड्याचं जेवण’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो पट्टीचा आहे की गोठवलेला, हे विचारा. दरातला फरक त्यातच आहे. खेकडा नको असेल तर ताजिमा बीफ हा इथला दुसरा अभिमान.

शाकाहारी माणसाची खरी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं हे पाणी मिसो सूपमध्ये, भाजीच्या रश्शात, नूडल्समध्ये, तेंपुरा या भज्यांच्या चटणीतही असतं. ‘व्हेजिटेरियन’ म्हणून सांगितलंत तर तुकडे काढून तोच रस्सा येतो, आणि आणणाऱ्याला त्यात काही चुकलं असं वाटतही नाही. म्हणून आरक्षणाच्या वेळीच, लेखी सांगायचं: “निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ दाशि मो दामे देस.” म्हणजे मांस, मासे खात नाही आणि बोनिटोची दाशीही नको. कोम्बू या समुद्री वनस्पतीची दाशी चालत असेल तर तेही लिहा. स्वयंपाक्याला वाट मिळते. अंडं नको असेल तर ‘तामागो’ वेगळं लिहावं लागतं. आयत्या वेळी सांगून काही होत नाही, कारण रस्सा सकाळीच उकळलेला असतो.

काही हॉटेलं स्पष्ट नकार देतात. तो चांगला, हो म्हणून अर्धवट करणाऱ्यांपेक्षा. अशा वेळी फक्त खोली घ्या आणि शिधा बरोबर ठेवा. दशम्या, थेपले, चिवडा, मेतकूट, लोणचं चालतं. मांसाचे पदार्थ, ताजी फळं, भाज्या आणि ताजा कढीपत्ता जपानमध्ये नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. गरम पाण्याची किटली खोलीत बहुधा असते, तेव्हा पाणी ओतून होणारे पोहे-उपमा चालून जातात. जैन मंडळींनी हाच मार्ग धरावा.

अंडी खाणाऱ्यांसाठी एक स्वस्त मौज: रोपवेच्या पायथ्याशी झऱ्याच्या उगमाजवळ शेजारच्या दुकानातून जाळीत अंडी घेऊन पाण्यात सोडायची. दहा-बारा मिनिटांत तयार.

रात्र आणि सकाळ

तुम्ही जेवायला गेलात की खोलीत गाद्या घातल्या जातात. पैसे, औषधं, पासपोर्ट पसरून जाऊ नका, कोणी घेणार नाही, पण गादी घालणाऱ्याला वस्तू हलवायचा संकोच असतो. एक गादी कडक वाटली तर दुसरी मागा, देतात. काही जुनी घरं रात्री अकराला दार लावतात. शेवटच्या आंघोळीला जाताना वेळ विचारून जा.

सात वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलाने आपल्याच बाजूला जायचं असतं, म्हणून आई एकटी मुलाला घेऊन आली असेल तर काशिकिरी हौदाचं आधीच ठरवा. लंगोट लागणाऱ्या बाळाला हौदात नेत नाहीत.

बक्षिसी द्यायची पद्धत नाही. युकाता हॉटेलचा असतो, तो घडी न करता खोलीतच ठेवा. हॉटेलचं नाव छापलेला पातळ टॉवेल सहसा नेता येतो, मोठा नाही. खोली दहाला किंवा अकराला सोडायची. सामान काउंटरवर ठेवून दुपारच्या गाडीपर्यंत दोन ठिकाणं होतात. एक रोपवे, मधल्या थांब्यावर ओनसेनजी आणि वर २३१ मीटरवरून नदीचं मुख आणि समुद्र. दुसरं गेनबुदो, बेसॉल्टच्या षटकोनी खांबांच्या गुहा. मातुयामा मोतोनोरी या भूशास्त्रज्ञाने इथले दगड १९२६ मध्ये तपासले आणि पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव कधीकाळी उलटे होते, या मताला आधार मिळाला. दख्खनच्या काळ्या दगडावर वाढलेल्या माणसाला हे खांब ओळखीचे वाटतील. गेनबुदो नावाचं स्टेशन आहे खरं, पण गुहा नदीपलीकडे आहेत; होडीची वेळ आधी विचारली नाही तर काठावरून बघून परतावं लागतं. बस किंवा टॅक्सी सोपी.

परतीच्या गाडीचं आसन आदल्या दिवशीच राखून ठेवा. रविवारी दुपारच्या गाड्या आणि खेकड्याच्या हंगामातल्या सगळ्याच गाड्या भरून जातात.